रानातून ताटात: काय घ्यावं, कसं शिजवावं, कुठे थांबावं

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आठवड्यातून दोनदा तरी ताटात रानातली भाजी असावी. ठाण्या-कल्याणात, नाशकात किंवा पुण्यात राहणाऱ्यांनाही हे जमण्यासारखं आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी किंवा विदर्भाच्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्यांना तर ते पिढ्यान्‌पिढ्या जमत आलेलं आहे. पण ही भाजी कुणाकडून घ्यायची, कुठल्या भाजीचं पाणी ओतून द्यायचं आणि कुठल्या भाजीचं थेंबभरही ओतायचं नाही, कशाच्या वाटेला अजिबात जायचं नाही, हे समजून घेतल्याशिवाय उत्साहात पिशवी भरून आणू नये.

आधी जंगल आपल्या खाण्यात नेमकी काय भर घालतं ते पाहू. भात, नाचणी, ज्वारी आणि डाळ यांची जागा रान घेत नाही. पोट भरण्याचं काम शेतीचंच. रान देतं ती विविधता, आणि ती देतं नेमक्या अडचणीच्या दिवसांत. जव्हार-मोखाडा, पेठ-सुरगाणा, अकोले, धारणी-चिखलदरा, भामरागड या भागांत डोंगरउतारावरची शेती बहुतेक पावसाच्या पाण्यावरची, वर्षाला एकाच पिकाची. दिवाळीच्या सुमाराला भात-नागली घरात येते आणि आषाढापर्यंत कणगीचा तळ दिसू लागतो. वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर गेलेली माणसं पावसाच्या तोंडावर गावी परततात. हातात पैसा थोडा आणि समोर लावणीचं कंबरडं मोडणारं काम. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली तेव्हा सगळं राज्य हादरलं होतं. डोंगरपट्ट्यात पावसाळ्याचे महिने लहान मुलांसाठी आजही कठीणच जातात.

आणि याच महिन्यांत रान भरभरून देत असतं. मेच्या शेवटाला वळवाचे चार थेंब पडले की शेवळं जमिनीतून वर येतात. पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत टाकळा, मग कुर्डू, फोडशी, भारंगी, चाईच्या वेलाचे कोवळे शेंडे, बांबूचे कोंब. श्रावणात करटोली आणि चाईचा मोहर. ओढ्याओहोळांत खेकडे आणि बारके मासे. पाऊस सरल्यावर करांदे आणि इतर कंद, थंडीत आवळे आणि बोरं, चैत्रात मोहफुलं, त्याच्या मागेपुढे चारोळी आणि टेंभुर्णी, वैशाखात करवंदं, तोरणं, आळू, जांभळं. शेतातल्या पिकाचा हंगाम संपतो, पण रानाचा कुठलाच महिना पूर्ण रिकामा जात नाही. घरात फक्त भात आणि मिरची उरलेली असताना मुलाच्या ताटात पडलेली मूठभर टाकळ्याची भाजी किंवा दोन खेकड्यांचं कालवण याचं मोल मोठं असतं. भात पोट भरतो. लोह, कॅल्शियम, फोलेट, अ आणि क जीवनसत्त्व मात्र त्या भाजीतून आणि कालवणातून येतं.

ही गरज फक्त डोंगरातल्या माणसांची आहे असं समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण जवळजवळ ६९ टक्के होतं. यात शहरंही आली, पोटभर जेवणारी घरंही आली. प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह मिळावं अशी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे. पोळी, बटाटा आणि पातळ वरण यांवर तेवढी मजल जाणं अवघड. आपल्या शहरी घरांत पालेभाजी म्हणजे पालक, मेथी, कोथिंबीर. आणि पावसाळ्यात तीही महाग होते किंवा कुजकी मिळते म्हणून महिनामहिना बंद. रानभाज्या इथे उपयोगाला येतात. शेतातल्या पालेभाज्या पावसाने झोडपल्या जातात त्याच दिवसांत या तजेलदार असतात.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच स्पष्ट करते. रानभाजी हे औषध नाही. "ही खाल्ली की साखर उतरते, ती खाल्ली की मूतखडा विरघळतो" असे दावे पावसाळ्यात मोबाइलवर फिरू लागतात. त्यांच्या नादाने गोळ्या बंद करणं धोक्याचं आहे. रक्तक्षयाच्या गोळ्या चालू असतील तर त्या घ्यायच्याच, भाजी त्यांच्या जोडीला. अन्न म्हणून रानभाजीचं मोल इतकं मोठं आहे की तिला औषधाचं लेबल चिकटवायची गरजच पडत नाही.

कुणाकडून घ्यायची

शहरातल्या माणसाने स्वतः रानात जाऊन भाजी खुडू नये, हे माझं ठाम मत. फोटो पाहून वनस्पती ओळखणारी ॲप्स या बाबतीत भरवशाची नाहीत. कोवळेपणी अनेक रोपं एकमेकांसारखीच दिसतात, आणि आपण खातो ती नेमकी कोवळेपणीच. ओळख हाताला, नाकाला आणि जागेला असते. कुठल्या उतारावर, कुठल्या झाडाच्या सावलीत, कितव्या पावसाला काय उगवतं हे माहीत असणं म्हणजे ओळख. ती ठाकर, कातकरी, वारली, कोकणा, महादेव कोळी, गोंड, माडिया, कोरकू घरांतल्या बायकांकडे आहे. डॉ. राणी बंग यांचं 'गोईण' हे पुस्तक गडचिरोलीतल्या बायकांनी सांगितलेल्या झाडांच्या माहितीवर उभं आहे. रानाची जाण बायकांकडे किती खोलवर असते हे ते वाचताना कळतं.

म्हणून बाजारात जा. मुंबईच्या आसपासची स्टेशनं, कल्याण-ठाणे-वसईचे बाजार, नाशिकची मंडई, तालुक्याच्या गावचा आठवडी बाजार, इथे सकाळी लवकर या बायका पाटी घेऊन बसतात. गेल्या काही वर्षांत कृषी विभाग ऑगस्टच्या सुमाराला जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सवही भरवतो, तिथे एका जागी वीस-पंचवीस भाज्या पाहायला मिळतात. पहिल्यांदा घेणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात केली तर उत्तम.

घेताना भावापेक्षा चार प्रश्न जास्त विचारा. "मावशी, ही कुठून आणली? कुठला भाग खायचा? पाणी टाकायचं की नाही? काय घालून करता?" दोन वाटे घेतलेत आणि तिने सांगितलेली कृती लक्षात ठेवलीत, तर तुम्ही पन्नास पाककृतींचे व्हिडिओ पाहिल्यापेक्षा जास्त शिकलात. आणि दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. त्या जुडीमागे पहाटेचा डोंगर चढणं, निवडणं, पाल्यात बांधणं आणि पहिली गाडी पकडणं आहे. नायलॉनच्या गोणीत आलेली, रस्त्याच्या कडेला धूळ खाल्लेली भाजी घेऊ नका. रेल्वेमार्गालगत, गटाराच्या किंवा कारखान्याच्या सांडपाण्याच्या काठाला उगवलेला टाकळा, माठ किंवा घोळ कितीही हिरवागार दिसला तरी तो तिथेच राहू द्या. त्या मातीतले जड धातू पानांत उतरतात. शेताच्या बांधावरची भाजी घेतानाही एक विचारा: तणनाशक मारलंय का? भाताच्या बांधांवर आता सर्रास फवारणी होते आणि फवारलेला कुर्डू लगेच वाळत नाही, दोन-चार दिवस ताजाच दिसतो.

पाणी कुठलं टाकायचं, कुठलं नाही

सगळ्यात जास्त चूक इथे होते. शहरात कुठलीही अनोळखी भाजी "आधी उकळून पाणी टाका" या एकाच नियमाने शिजवली जाते. मग ज्या भाज्यांना त्याची काही गरज नव्हती त्यांचं क जीवनसत्त्व आणि फोलेट मोरीत जातं. उलट, ज्यांचं पाणी टाकायलाच हवं त्या कधीकधी तशाच फोडणीला पडतात.

टाकळा, कुर्डू, फोडशी आणि चाईचे कोवळे शेंडे या भाज्यांचं पाणी टाकू नका. टाकळा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतलाच घ्या. बोटभर उंचीची रोपं किंवा वरचे कोवळे तुरे. पुढे पान जाड होतं आणि उग्र वास येतो. कांदा, ठेचलेला लसूण, सुकी मिरची यांवर भिजवलेली हरभरा डाळ किंवा उन्हाळ्यात जपून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या परतायच्या, त्या शिजत आल्या की चिरलेला टाकळा घालायचा, वर ओलं खोबरं. पोषणाच्या दृष्टीनेही ही जोडी योग्य आहे: डाळीची प्रथिनं, आणि पानांतल्या अ जीवनसत्त्वाच्या घटकांना शरीरात शोषून घ्यायला लागणारा स्निग्धांश फोडणीतून आणि खोबऱ्यातून. तेल अगदीच टाळून पालेभाजी वाफवून खाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. चार माणसांच्या भाजीला दोन चमचे तेल हवंच.

फोडशी म्हणजे गवतासारखी लांब पानं, मुळाकडे पांढरी. पात्यांच्या बेचक्यात माती अडकलेली असते, म्हणून पानं सुटी करून तीन-चार पाण्यांत धुवा, मुळाकडचा कडक पांढरा भाग आणि जून पानाची मधली शीर काढून टाका. मग बारीक चिरून मूगडाळीबरोबर करा किंवा पीठ पेरा. चव कांद्याच्या पातीच्या जवळ जाणारी. मुलं न कुरकुरता खातात, म्हणून रानभाजीची पहिली ओळख फोडशीने करून द्यावी.

भारंगी मात्र कडू. तिची पानं उकळून, पाणी काढून, घट्ट पिळून घ्यावी लागतात. मग ती भिजवलेल्या वालाबरोबर किंवा मुगाबरोबर, भरपूर कांदा घालून. थोडा कडूपणा उरतो, तो उरू द्या.

शेवळांची गोष्ट वेगळीच आहे. सुरणाच्या कुळातली ही वनस्पती, तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते जिभेला आणि घशाला टोचतात, त्यालाच आपण खाज म्हणतो. निवडताना हाताला तेल लावा. वरचं आवरण उलगडलं की आतल्या दांड्याच्या तळाशी पिवळट दाणेदार भाग दिसतो, तो काढून टाकायचा, खाज त्यातच जास्त. उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं आणि त्यात काकडाच्या हिरव्या आंबट फळांचा रस घालायचा. बाजारात शेवळांच्या जुडीबरोबर काकडं देतात ती याचसाठी. ती मागून घ्या, विसरू नका. न मिळाली तर चिंच किंवा आमसूल सढळ हाताने वापरा. सीकेपी घरांत शेवळांत सोडे, कोलंबी किंवा खिमा घालतात, आणि वर्षातून एकदाच होणाऱ्या या भाजीसाठी माणसं मे महिन्यापासून बाजारावर डोळा ठेवून असतात. ज्यांनी आधी कधीच खाल्लेली नाहीत त्यांनी पहिल्यांदा घासभरच खाऊन पाहावं.

बांबूचे कोंब, म्हणजे विदर्भातले वास्ते, यांत सायनाइड तयार करणारा घटक असतो. घाबरून जायचं कारण नाही, पण घाई चालत नाही. बाहेरची सालपटं काढून कोवळा गाभा पातळ कापायचा, रात्रभर पाण्यात ठेवायचा, मधे पाणी बदलायचं. सकाळी भरपूर पाण्यात झाकण न ठेवता चांगला उकळायचा आणि ते पाणी फेकून द्यायचं. झाकण न ठेवण्याचं कारण असं की तो विषारी वायू वाफेबरोबर निघून जायला हवा. यानंतरच फोडणी.

करांदे आणि रानातले इतर कंद यांबाबत मी अधिक कडक सांगेन. गोडे करांदे उकडून, सोलून खाल्ले जातात. कडू जातींवर मात्र लांबलचक प्रक्रिया करावी लागते. राखेच्या पाण्यात उकडणं, पातळ चकत्या करून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवणं, पुन्हा उकडणं. दुष्काळाच्या वर्षांत याच कंदांनी आदिवासी पाड्यांना जगवलं आहे, आणि ते शक्य झालं या प्रक्रियेच्या ज्ञानामुळे. ते ज्ञान हाताशी नसेल तर कंद विकत घेताना उकडलेलेच घ्या.

आता लोहाबद्दल. पानांतलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही. त्याला आंबटाची सोबत लागते: वरून लिंबू पिळणं, जेवणात आवळ्याची चटणी, काकडाचा किंवा अंबाड्याच्या फळाचा तुकडा. जेवणावर लगेच चहा घेतलात तर त्यातल्या टॅनिनमुळे लोह शोषलं जाण्यात अडथळा येतो, म्हणून तासभर तरी थांबा. ज्यांना ऑक्झलेटचे मूतखडे होतात त्यांनी घोळ, चिवळ, आंबुशी यांसारख्या भाज्या जपून खाव्यात आणि त्यांचं उकळलेलं पाणी टाकावं. इथे जीवनसत्त्वापेक्षा ऑक्झलेट कमी करणं महत्त्वाचं. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या चालू असलेल्यांनी पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व त्या गोळ्यांच्या विरुद्ध काम करतं.

कुठे थांबायचं

टाकळ्याचा एक भाऊबंद आहे, कासविंदा. दोन्ही रस्त्याकडेला, पडीक जागेत शेजारी शेजारी उगवतात. टाकळ्याच्या एका देठावर पानांच्या बहुधा तीनच जोड्या असतात आणि पान टोकाकडे गोलसर, रुंद. कासविंद्याच्या चार ते सहा जोड्या आणि पान टोकदार. कासविंद्याच्या बिया लहान मुलांसाठी जीवघेण्या ठरू शकतात. पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षं मुलांना होणारा एक गूढ आजार, ज्यात यकृत, स्नायू आणि मेंदूवर एकाच वेळी घाला येतो, तो या बिया खाल्ल्याने होतो असं तिथल्या डॉक्टरांनी शोधून काढलं. खेळता खेळता शेंगा सोलून खाणाऱ्या मुलांना हे झाड दाखवून ठेवा.

श्रावणात कुंपणांवर लालपिवळ्या ज्वाळेसारखी फुलं येणारी कळलावी सगळ्यांनी पाहिलेली असते. तिचा कंद खाण्याच्या कंदासारखा दिसतो आणि त्यात कोल्चिसिन हे तीव्र विष असतं. कुठलाही कंद स्वतः उकरून न खाण्याचं हे एकच कारण पुरेसं आहे.

आणि अळंबी. वारुळावर उगवणारी मोठी अळंबी, विदर्भातल्या सात्या, चवीला अप्रतिम आणि प्रथिनांनी चांगली. पण त्या ओळखणाऱ्याकडूनच घ्याव्यात, स्वतः गोळा करू नयेत. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, किड्यांनी खाल्लेली असेल तर सुरक्षित, हळद टाकून रंग बदलला तर फेका, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत आणि त्यांवर विसंबून माणसं मेली आहेत. सर्वांत घातक अळंबीची लक्षणं सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात. मग उलट्या-जुलाब थांबून माणूस बरा झाल्यासारखा वाटतो आणि त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं. अळंबी खाल्ल्यावर त्रास झाला तर बरं वाटायची वाट न पाहता दवाखाना गाठा आणि उरलेली अळंबी किंवा सालपटं सोबत न्या.

ओढ्यातले खेकडे कॅल्शियमसाठी आणि प्रथिनांसाठी फार चांगले. मात्र ते पूर्ण शिजवूनच खावेत. अर्धकच्च्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांतून फुप्फुसात कृमी जाऊ शकतात. रानातला मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला बोटावरही चाटवू नका, कारण त्यातून बाळाला बोट्युलिझमची बाधा होण्याची शक्यता असते.

पावसाळ्यापलीकडे

रानाचं सुकं धन शहरांना फारसं माहीत नाही. मोहफुलं म्हटलं की लोकांना दारूच आठवते आणि एका चांगल्या अन्नावर त्यामुळे अन्याय झाला आहे. चैत्रात रात्री गळणारी ही मांसल फुलं साखरेने भरलेली असतात. वाळवून ठेवली की वर्षभर टिकतात. भाजून, तिळाबरोबर कुटून लाडू करतात, भिजवून भाकरीच्या पिठात घालतात. मधुमेहींनी ती साखर समजूनच खावी, पण वाढत्या मुलाच्या मधल्या वेळच्या खाण्यासाठी मोह-तीळ-शेंगदाण्याचा लाडू बिस्किटांच्या पुड्यापेक्षा कितीतरी चांगला. ही फुलं गोळा करण्यावर आणि साठवण्यावर असलेली राज्यातली बंधनं २०२१ मध्ये उठली, त्यामुळे ती आता उघडपणे मिळू लागली आहेत. याच झाडाच्या बियांचं तेल, टोळीचं तेल, आदिवासी घरांत स्वयंपाकाला वापरतात.

बिब्ब्याच्या आतली गोडंबी, चारोळी, वाळवलेले आवळे हे सगळं रानातलंच. आवळ्यात संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असतं. थंडीत स्वस्त असतात तेव्हा मिठाच्या पाण्यात घालून ठेवले तर दोन-तीन महिने रोज अर्धा आवळा जेवणात येऊ शकतो. बिब्बा मात्र घरी फोडू नका, त्याच्या रसाने कातडी भाजते. गोडंबी सोललेलीच विकत घ्या.

जंगल आपल्या ताटात न दिसणारंही बरंच काही घालतं. फुलोऱ्याच्या वेळी शेतावर, आंब्यावर, भोपळ्याच्या वेलावर येणाऱ्या मधमाश्यांची घरं जवळच्या रानात असतात. डोंगरावरचं झाड पाणी मुरवतं म्हणून खालच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी राहतं. ते रान गेलं की करटोली तर जातेच, तिच्यामागोमाग भातही जातो.

म्हणून रानभाजीच्या कौतुकाबरोबर रानाची काळजी यायला हवी. ट्रेकला जाणाऱ्यांनी गडाच्या वाटेवरची फोडशी मुळासकट उपटून आणणं थांबवावं. मूळ गेलं की पुढच्या वर्षीची भाजी गेली. राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून बाहेरच्यांनी काही गोळा करणं कायद्यानेही चालत नाही. जंगलात राहणाऱ्यांना मात्र २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिलेला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्या जंगलाबद्दलचे निर्णय तिथली ग्रामसभा एकमताने घेते. तुमचं गाव जंगलालगत असेल आणि असा दावा अजून केलेला नसेल, तर वनहक्क समितीमार्फत तो करा. आपला हक्क पक्का असला की बांबूचे किती कोंब खुडायचे आणि किती वाढू द्यायचे हे गावच ठरवू शकतं. मोह वेचताना खालचा पाचोळा पेटवण्याची पद्धत बदलणंही ग्रामसभेच्या हातात आहे. फुलं दिसावीत म्हणून लावलेली ती आग वाऱ्याने डोंगरभर जाते आणि पावसाळ्यात उगवणारे कंदच होरपळतात. झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या अंथरल्या तर फुलं स्वच्छ मिळतात आणि आगही लागत नाही.

अंगणवाडी सेविका, शाळेत आहार शिजवणाऱ्या ताई आणि शिक्षक यांना एक विनंती. पावसाळ्यात खिचडीच्या भाताबरोबर आठवड्यातून एकदा गावातलीच टाकळ्याची किंवा कुर्डूची भाजी घाला. मुलांच्या आज्यांना शाळेत बोलावून त्या भाज्या निवडून दाखवायला सांगा. घरात खाल्ली जाणारी भाजी शाळेत मानाने वाढली गेली की ती खायला मुलाला लाज वाटत नाही. ही लाज मी पाहिलेली आहे, आणि तिच्यामुळे मुलं घरची भाजी सोडून पाच रुपयांच्या कुरकुरीत पाकिटाकडे वळतात.

शाळेच्या किंवा घरच्या परसात लावायला करटोली सर्वांत सोपी. कंद मे महिन्याच्या अखेरीस लावले की पहिल्या पावसाबरोबर फुटतात आणि वेल पुढची काही वर्षं आपोआप येत राहतो. मात्र करटोलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. नुसते मादी वेल असतील तर फुलं येतील, फळ धरणार नाही. नुसते नर असतील तर काहीच मिळणार नाही. कंद देणाऱ्याला दोन्ही मागा, आठ-दहा मादी वेलांमागे एक नर पुरतो. कळी आली की ओळखता येतं: मादी फुलाच्या खाली इवलंसं काटेरी फळ आधीच असतं, नर फुलाखाली नसतं. फुलं संध्याकाळी उमलतात. त्या वेळी नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलावर अलगद टेकवला तर फळं जास्त धरतात, आणि हे काम सात-आठ वर्षांची मुलंही आनंदाने करतात.